पडद्यावरची हजेरी

क्लासला कुलूप लागलं तेव्हा माझं उत्सर्जन संस्थेचं प्रकरण अर्धं राहिलं होतं. लातूरला एका क्लासमध्ये मी नीटच्या मुलांना जीवशास्त्र शिकवायचे. एका हॉलमध्ये दोनशे मुलं, बाकावर खांद्याला खांदा लावून बसलेली, उकाड्यानं लाल झालेली, आणि तरी मान खाली घालून लिहीत असलेली. करोनामुळं टाळेबंदी होणार अशी कुणकुण लागली आणि दोन दिवसांत सगळी वसतिगृहं ओस पडली. मुलं गाद्यांच्या वळकट्या आणि पुस्तकांची खोकी घेऊन एसटी स्टँडवर उभी होती. मीही माझी लातूरची खोली बंद केली आणि नांदेडजवळ विष्णुपुरीला, घरी आले. नवरा तिथल्या कॉलेजात शिकवतो. एरवी मी शनिवारी यायचे आणि सोमवारी पहाटेची गाडी धरायचे.

आठवड्याच्या आत आमच्या क्लासच्या मोठ्या सरांचा फोन आला.

"मॅडम, सोमवारपासून ऑनलाइन घ्यायचं. बाकीच्यांनी सुरू पण केलंय."

"सर, मला नाही जमणार ते."

"जमतंय कुणाला? पण आपण थांबलो तर पोरं दुसरीकडं जातील. फळा आणि फोन, दोनच गोष्टी लागतात."

मागच्या खोलीत नवऱ्यानं भिंतीला फळा ठोकून दिला. फोन ठेवायला काही नव्हतं म्हणून हरभऱ्याच्या डाळीच्या डब्याला तो रबरानं बांधला. सोमवारी सकाळी आठ वाजता मी साडीला पिन लावून, केस नीट विंचरून त्या डब्यासमोर उभी राहिले. पडद्यावर काळे चौकोन यायला लागले. वीस, पन्नास, दीडशे. मुलांचे चेहरे नव्हते, नुसती नावं. पुष्कळ चौकोनांवर मुलांचीही नावं नव्हती, फोन वडिलांचा म्हणून वडिलांचं नाव. एकावर तर किराणा दुकानाचं नाव होतं. मी नव्वद मिनिटं शिकवलं. मध्ये चार-पाचदा विचारलं, "समजलं का?"

काहीच आवाज नाही. बाहेर कुठंतरी भाजीवाल्याचा भोंगा तेवढा वाजत होता.

पुन्हा विचारलं, "कुणीतरी बोला. समजलं का?"

 घामानं खडू बोटांना चिकटायला लागला. तास संपवून मी फोन बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन जमिनीवर बसले. नवऱ्यानं विचारलं, "काय झालं? नेट गेलं का?" मी म्हटलं, नाही, नेट चांगलं होतं. मला कशाची भीती वाटली ते त्याला त्या दिवशी सांगता आलं नाही.

आमचं गाव किल्लारीपासून दोन-तीन कोसांवर. भूकंप झाला त्या वर्षी मी चौथीत होते. गणपती बोळवून दमलेलं गाव झोपेत होतं. आमचं घर दगडमातीचं, रुंद भिंतींचं. आईला उकडायचं म्हणून आम्ही दोघी बाहेर पत्र्याच्या ओसरीत झोपलो होतो, वडील कारखान्यावर पाळीला गेले होते. म्हणून आम्ही वाचलो. पत्रा अंगावर पडला, पण पत्राच पडला. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. मला त्याहून जास्त आठवतो तो शाळेचा पहिला दिवस.

गावाबाहेर माळावर पत्र्याची शेडं उभी राहिली. त्यातल्या एका शेडात शाळा सुरू झाली. गुरुजींच्या डोक्याला पट्टी होती. हजेरीचं पुस्तक त्यांना ढिगाऱ्यात सापडलं होतं, त्याच्या पानांत माती होती. सवयीनं त्यांनी ते उघडलं आणि नावं पुकारायला लागले. पहिलं नाव घेतलं, "हजर" असा आवाज आला. दुसरं घेतलं, "हजर". तिसरं नाव घेतलं आणि कुणी बोललंच नाही. आम्हा सगळ्यांना माहीत होतं. गुरुजींनाही माहीत होतं. पण तोंडातून नाव निघून गेलं होतं. ते पेन हातात धरून तसेच बसले. त्यांनी गैरहजर असंही लिहिलं नाही. मग ते पुढचं नाव घेणार, तेव्हा मला कळलं की आता कुणाचा नंबर आहे. माझ्या शेजारी बसायची ती. मी कानांवर हात ठेवले. गुरुजींनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "जा रे पोरांनो, आज खेळा."

पुढं शिकून मी लातूरला आले. क्लासचं गाव वाढत होतं, गल्लीगल्लीत पाट्या लागत होत्या, तालुक्यातालुक्यातून मुलं येत होती. मीही शिकवायला लागले आणि माझं नाव झालं. पण इतक्या वर्षांत मी वर्गात एकदाही हजेरी घेतली नाही. क्लासचा शिपाई दारात उभा राहून मुलांची कार्डं बघायचा, तेवढं मला पुरे होतं. मुलांना मी "तू, निळ्या शर्टवाल्या", "खिडकीजवळची तू" असं बोलवायचे. चेहरे पाठ असायचे. नाव घेऊन थांबायची वेळ मी स्वतःवर येऊच देत नव्हते.

आता माझ्यासमोर चेहरे नव्हते. नावंच नावं होती, आणि एकही बोलत नव्हतं.

तीन आठवडे मी तशीच शिकवत राहिले. आवाज वाढवला. जास्त बोलायला लागले, कारण थांबले की ती शांतता यायची. मोठे सर खूश होते. "मॅडम, तुमच्या तासाला एकशे नव्वदच्या खाली संख्या येतच नाही," म्हणाले. पहिली चाचणी घेतली. उत्तरं वहीत लिहून फोटो पाठवायचे होते. निम्म्या मुलांचे फोटो आलेच नाहीत. त्यात एक मुलगी अशी होती की जी एकाही तासाला चुकलेली नव्हती. टाळेबंदीच्या थोडंच आधी तिनं प्रवेश घेतला होता, म्हणून मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. पण तिचं नाव रोज आठला पाच मिनिटं कमी असताना पडद्यावर यायचं आणि तास संपेपर्यंत असायचं.

मी तिच्या घरी फोन लावला. देगलूरकडचं एक खेडं. फोन वडिलांनी उचलला.

"हाव मॅडम, पोरगी हाय की. बसती रोज. माळवदावर चढून बसती, तिथं रेंज येती म्हनून. देतो."

मुलगी फोनवर आली, पण बोलेना. मी विचारलं, "पेपर का नाही पाठवलास?"

 ती हळूच म्हणाली, "मॅडम, मी रोज येऊन राहिले. पर मला काही ऐकू येत न्हाई."

"म्हणजे?"

"चित्र दिसतं. तुम्ही फळ्यावर हात फिरवता ते दिसतं. आवाज तुटतो. एक शब्द येतो न् मग लई वेळ काहीच न्हाई."

"तीन आठवडे झाले! सांगितलं का नाहीस?"

"दोनशे पोरं असतात. मला वाटलं, सगळ्यांना येत असंल, मलाच येत न्हाई. तुम्ही तास बंद पाडताल म्हनून भ्या वाटलं."

मी फोन ठेवला. बाहेर एप्रिलचं ऊन होतं. ती पोर तीन आठवडे दगडमातीच्या घराच्या छपरावर बसून माझे हलणारे ओठ बघत होती, आणि मी तिला हजर समजत होते. अशी आणखी किती असतील? एकशे नव्वदपैकी किती जणांपर्यंत मी पोचतच नव्हते?

पुढचे चार दिवस मी दुसरं काही केलं नाही. यादी घेऊन एकेका मुलाच्या घरी फोन लावत गेले. एक जण चौकोन चालू ठेवून शेतात औत हाकायला जायचा. एकीच्या घरात दहा माणसं दोन खोल्यांत होती, तिला कॅमेरा लावायची लाज वाटायची. एका मुलाचे वडील दवाखान्यात होते, तो रोज तासाला बसून नुसता रडत होता. एकजण म्हणाला, "मॅडम, तुम्ही चांगलं शिकवता, पण नव्वद मिनिटं फोनकडं बघितलं की मला मळमळतं." किराणा दुकानवाल्या फोनवर मुलगा नव्हताच, वडील गिऱ्हाईक करता करता माझा तास लावून ठेवत, पोरगा मामाच्या गावी होता. त्यांनी मला सांगितलं, "मॅडम, किडनीचं मला लई समजलं."

त्या चार दिवसांत मला हसू आलं ते एवढंच.

मी मोठ्या सरांना फोन केला. म्हटलं, दोनशेचा एक तास बंद करू. बारा-बारांचे गट करू. सकाळी मी विषय सांगून छोटा ऑडिओ पाठवते, तो कमी रेंजमध्येही उतरतो आणि पुन्हा पुन्हा ऐकता येतो. मुलांनी तो ऐकायचा, आकृती वहीत काढायची. मग गटाशी मी पंचवीस मिनिटं फक्त बोलणार.

"मॅडम, समोरचे क्लास आठ-आठ तास शिकवून राहिले. आपण पंचवीस मिनिटं म्हटलं तर पालक काय म्हणतील?"

"सर, आठ तास कुणी ऐकतच नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी फोन लावून विचारलंय."

 सर म्हणाले, "एक महिना बघू. पण पालकांचे फोन तुम्ही घ्यायचे."

मी हो म्हटलं. पण जे करायला निघाले होते त्याचा विचार करून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. बारांच्या गटाशी बोलायचं म्हणजे नाव घ्यावं लागणार. नाव घेऊन थांबावं लागणार.

पहिल्या गटाच्या दिवशी यादी समोर ठेवली आणि पहिलंच नाव घेतलं. शांतता.  पुढचं नाव घेऊन टाकावं असं वाटलं, स्वतःच काहीतरी बोलावं असं वाटलं. पण मुलांनीच मला फोनवर सांगितलं होतं की माझा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचायला, मग त्यांना म्यूट काढायला, मग धीर करायला वेळ लागतो. म्हणून मी मनात आकडे मोजायला लागले. एक, दोन, तीन. सहाला मी यादीची कड घट्ट धरली. आठला फोनमध्ये खरखर झाली आणि आवाज आला, "हा मॅडम, हाय मी."

मी खुर्चीत बसले. त्यानंतर मी रोज दहापर्यंत मोजायचे. मुलं बहुतेक वेळा सात-आठला बोलायची. ते सात-आठ आकडे रोज जीव टांगणीला लावायचे. मुलांना ते कधी कळलं नाही. त्यांना वाटायचं, मॅडम किती शांतपणे थांबतात.

"समजलं का?" हे विचारणं मी सोडून दिलं. त्याला मुलं हो म्हणतात नाहीतर गप्प बसतात. त्याऐवजी सांगायचे, मूत्रपिंडातल्या नेफ्रॉनची आकृती काढा आणि जिथं अडलं तिथं लाल फुली मारून फोटो पाठवा. तोंडानं ज्यांनी कधी अडलं म्हणून सांगितलं नसतं त्यांच्या वह्या फुल्यांनी भरून यायला लागल्या. त्या देगलूरकडच्या मुलीच्या पहिल्या आकृतीत इतक्या फुल्या होत्या की नेफ्रॉन दिसत नव्हता. मी तिला त्या गटाची प्रमुख केलं. बाकीच्या अकरा जणांच्या वह्यांचे फोटो तिनं गोळा करायचे, कुणाचा आला नाही तर त्याला फोन करायचा. तिच्या आवाजातला तो दबलेपणा महिन्याभरात गेला. "मॅडम, ह्याचा फोटो आज बी न्हाई. मी त्याच्या आईला बोलले," असं मला ठणकावून सांगायची.

एका पालकानं तक्रार केलीच. "फी दीड तासाची आणि शिकवणं अर्ध्या तासाचं?" मी त्यांना त्यांच्या मुलाच्या वह्या बघायला सांगितल्या. त्यांनी त्या बघितल्या की नाही मला माहीत नाही, पण मुलगा तिसऱ्या दिवशी दुसऱ्या क्लासला गेला. माझ्या पद्धतीमुळं गेलेला तो एकटाच नव्हता.

पावसाळ्यात एका सकाळी त्या मुलीच्या गटाचा तास होता. बाराही जण आलेले. मी फळ्यावर हृदयाच्या झडपा काढत होते. पाठीमागून, खालून, लांबून जड ट्रक यावा तसा आवाज आला. आमच्या घरासमोरून ट्रक जात नाही. खडूची रेघ आपोआप खाली घसरली. खिडकीची तावदानं वाजली. फळा भिंतीवर दोनदा आपटला.

मी पळाले.

फोन, मुलं, तास, काही मनात आलं नाही. अनवाणी अंगणातून फाटकापर्यंत गेले आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. सगळं मिळून चार-पाच सेकंदांचा खेळ असेल. शेजारची माणसं बाहेर आली. एक जण म्हणाला, "बारीक होता, झाला." कुणीतरी हसलंही. नवरा डोक्याला साबण लावलेला तसाच, टॉवेल गुंडाळून बाहेर आला होता.  त्यानं माझा दंड धरला.

आणि मग मला आठवलं की मी बारा मुलांना तिथं सोडून आलेय.

"माझा फोन आत आहे," मी म्हटलं.

"राहू दे. अर्धा तास आत जायचं नाही."

"मुलं आहेत त्यात."

तो म्हणाला, "मी आणतो." पण तो साबणाचे डोळे चोळत होता, आणि मी सोडून आले होते, त्यानं नव्हे. मी फाटकातून परत आत गेले. आमच्या दारापासून मागच्या खोलीपर्यंत फार तर पंधरा पावलं आहेत. दारात आल्यावर माझे पाय उचलेनात. वर स्लॅब होता. त्याच्याकडं न बघता, भिंतीला हात न लावता मी आत गेले, डब्यासकट फोन उचलला आणि धावत बाहेर आले.

पडद्यावर बारापैकी चारच चौकोन उरले होते.

मी रस्त्यात उभी राहून नावं पुकारली. पहिल्यानं लगेच उत्तर दिलं, "मॅडम, हादरा आला का? तुम्ही कुठं गेला होता?" दुसरी वसमतकडची, रडत होती, पण अंगणात होती. तिसरा म्हणाला, त्याच्याकडं काहीच झालं नाही. चौथा चौकोन त्या मुलीचा होता.

मी तिचं नाव घेतलं आणि मोजायला लागले. दहा झाले. पुन्हा नाव घेतलं. पुन्हा दहा. तिचा माइक चालू होता. आत एक कोंबडी ओरडत होती, लांब कुणाचा तरी गलका होता, पण ती बोलत नव्हती. मी तिचं नाव घेत राहिले. माझा आवाज चढत गेला असणार, कारण शेजारची माणसं माझ्याकडं बघायला लागली. उरलेली तीन मुलंही ऐकत होती. मग चौकोन पडद्यावरून निघून गेला.

त्या वेळी मी कुठं होते ते मला नीट सांगता येणार नाही. हातात फोन होता, विष्णुपुरीचा ओला रस्ता होता, आणि तरी मला पत्र्याच्या शेडातला उकाडा लागत होता.

नवऱ्यानं डोक्यावरून एक तांब्या ओतून घेतला आणि फोन हातात घेऊन माझ्याजवळ आला. "यादी दे. निम्मी मी लावतो." बाहेर पडलेल्या आठ मुलांना आम्ही फोन लावत बसलो. सगळ्यांनीच एकमेकांना फोन लावायला घेतले होते, त्यामुळं लागत नव्हते. अर्ध्या तासात आठही जण सापडले. बहुतेक जण हादऱ्याला भिऊन बाहेर पळाले होते. एकाकडं काहीच झालं नव्हतं, त्याचं नेट गेलं होतं आणि तो आमच्यावरच वैतागला होता. पण त्या मुलीच्या वडिलांचा फोन बंदच येत होता.

घर दगडमातीचं. माळवदाचं. तिच्या वडिलांनीच मला सांगितलं होतं.

"मी जाते तिकडं," मी म्हटलं.

"ऐंशी किलोमीटर आहे. नाक्यानाक्यावर पोलीस. पास नाही."

"पोलिसांना सांगेन."

"काय सांगशील? पोरगी हजेरीला बोलली नाही म्हणून?"

तो चिडून बोलला नव्हता, पण मला ते वाक्य सहन झालं नाही. मी फाटकाबाहेरच्या दगडावर बसून फोन लावत राहिले. त्यानं गाडीची किल्ली आणली, पेट्रोल बघितलं आणि मला चपला आणून दिल्या. आम्ही निघणार तेवढ्यात एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मॅडम, मी बोलतोय, पोरीचा बाप. शेजाऱ्याच्या फोनवरनं."

"ती कुठं आहे?"

"हाय की. बरी हाय. म्या तिला घरात जाऊ दिली न्हाई. भित्ताडाला जरा चीर गेली हाय, बाकी काही न्हाई. फोन आतच ऱ्हायला, त्याची बॅटरी गेली. ही बघा, बोलती."

मुलीला धाप लागली होती. "मॅडम, तुम्ही माझं नाव घेऊन राहिला व्हता ना? मला बाहेर ऐकू येत व्हतं. पावसामुळं आज ओसरीत बसले व्हते, फोन तिथंच व्हता. मी अंगणातून वरडले, हजर मॅडम, हजर म्हनून. लई वरडले. पर तुम्हाला जाईना."

 ती म्हणाली, "मॅडम? ऐकू येतंय का? मॅडम?" तिला वाटलं, आवाज तुटला. मग तीच थांबून राहिली. मी शेवटी म्हटलं, "येतंय बाळा. बाहेरच बस. संध्याकाळपर्यंत आत जाऊ नको."

दुसऱ्या दिवशी तास घ्यायचा माझा विचार नव्हता. पण सकाळी आठला बाराही जण आले. मी अंगणात लिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते, फळा नव्हता. पहिल्या मुलानं तोच प्रश्न पुन्हा विचारला, "मॅडम, काल तुम्ही कुठं गेला होता? नुसता फळाच दिसत होता."

खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "पळाले. तुम्हाला सोडून पळाले. मला फार भीती वाटते." आणि मग मी त्यांना शेडातल्या शाळेबद्दल सांगितलं. नवऱ्यालासुद्धा मी ते इतकं सलग कधी सांगितलं नव्हतं. तो मागं दारात उभा राहून ऐकत होता. सांगून झाल्यावर कुणी बोललं नाही. मी मोजलं नाही.

मग वसमतकडची मुलगी बोलली. म्हणाली, तिला भूकंपापेक्षा पुढच्या मेमधल्या नीटची भीती जास्त वाटते, रोज पहाटे पोट दुखतं. एकानं सांगितलं की त्याच्या वडिलांना ऑक्सिजन लावलाय आणि घरात त्याला कुणी खरं सांगत नाही. एक जण काहीच बोलला नाही, पण त्यानं पहिल्यांदा कॅमेरा लावला. मागं कपड्यांची वलणी होती आणि त्याच्या ओठावर नुकती मिशी फुटत होती. त्या दिवशी हृदयाच्या झडपा राहूनच गेल्या. दुपारी एका पालकाचा फोन आला, "क्लासमध्ये गोष्टी सांगायला लागलात का?" मी म्हटलं, आजच्या दिवस. उद्या झडपा.

नंतर प्रत्येक गटात मी पहिली पाच मिनिटं शिकवायची नाहीत असं ठरवून टाकलं. ज्याला जे सांगायचं ते त्यानं सांगायचं. हादरा आला तर कुणी फोनसाठी थांबायचं नाही, बाहेर पडायचं आणि जमेल तेव्हा गटप्रमुखाला कळवायचं, हेही ठरलं. ते हादरे त्या भागात नंतरही अधूनमधून येत राहिले. मी प्रत्येक वेळी पळाले. दुसऱ्या वेळी फोन घेऊन पळाले, एवढी सुधारणा.

क्लास पुन्हा उघडले तेव्हा मोठ्या सरांनी बाहेरगावच्या मुलांसाठी ऑनलाइन गट चालूच ठेवायचे ठरवले आणि नवीन शिक्षकांना मी काय करते ते दाखवायला सांगितलं. सगळेच काही ऐकणारे नव्हते. एक तरुण सर म्हणाले, "मॅडम, इतके फोन कोण करत बसणार?" त्यांचंही खोटं नव्हतं. मी त्यांना एवढंच सांगितलं की पडद्यावर नाव आहे म्हणून पोरगं आहे असं समजू नका.

उघडल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी मी हॉलच्या दारात उभी होते. देगलूरकडची मुलगी आईबरोबर आली. आवाजावरून मला ती उंच वाटली होती. माझ्या खांद्याएवढीही नव्हती. आईनं पदराखालून शेंगांची पिशवी काढून माझ्या हातात दिली आणि माझ्याकडं बघत राहिली. मुलगी मात्र माझ्याकडं बघतच नव्हती. तिची मान वर होती.

"मॅडम, हा स्लॅब पक्का हाय का?"

"पक्का आहे."

"न् दारं किती हायत?"

मी तिला दोन्ही दारं दाखवली. मागचं दार जिन्याकडं कसं निघतं तेही दाखवलं. बाकीची मुलं पुढचे बाक धरायला ढकलाढकली करत होती. ती मागच्या दाराजवळच्या बाकावर जाऊन बसली, दप्तर मांडीवर ठेवलं आणि वही काढली.

तिला मेडिकलला जागा मिळाली नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा बसली, तेव्हाही थोडक्यात हुकलं. आता ती नांदेडला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मागच्या महिन्यात मला भेटायला विष्णुपुरीला आली होती. तिला रात्रपाळीतल्या रुग्णांची भीती वाटते, म्हणाली. कोण कधी गप्प होईल सांगता येत नाही. मी विचारलं, मग काय करतेस? ती म्हणाली, "जवळ जाऊन बघते, मॅडम. लांबून इचारत बसत न्हाई." चहा घेऊन ती सातची गाडी धरायला निघाली. मी तिला स्टॉपपर्यंत सोडायला गेले.